उपडी बशी, सुलटी बशी

गोव्यातल्या कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत माझ्या एका मित्राचं छोटंसं लेथचं वर्कशॉप आहे. पावसाळ्यात तिथे काम कमी आणि चहा जास्त. अशाच एका दुपारी त्याने टेबलावर मूठभर पोलादी चकत्या ओतल्या. मध्ये भोक, कडा खाली झुकलेल्या; बशीचा बूड कापून काढावा तशा दिसणाऱ्या. कुठल्याशा व्हॉल्व्हच्या बोल्टाखाली बसवायला मागवलेल्या. "ही स्प्रिंग आहे, पटतं?" त्याने विचारलं. मी एक चकती अंगठ्याने दाबून पाहिली. ढिम्म. व्हाइसमध्ये आवळली तेव्हा कुठे केसभर सपाट झाली, आणि सोडताच पुन्हा होती तशी.

ही डिस्क स्प्रिंग. कारखान्यात तिला बेलव्हिल वॉशर म्हणतात, १८६०च्या दशकात फ्रान्समध्ये तिचं पेटंट घेणाऱ्या ज्युलियां बेलव्हिल यांच्या नावावरून. तिचा स्वभाव एका वाक्यात सांगता येतो: हलते थोडी, ढकलते जोरात. नेमका हाच स्वभाव नेमबाजीच्या रायफलीत कामाला येतो.

२०२४ साली पॅरिसला कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक जिंकलं ते ४५१.४ गुणांवर. त्या दशांशाकडे लक्ष द्या. ५० मीटरवरच्या लक्ष्याचं दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं, आणि गुणाचा एक दशांश म्हणजे ०.८ मिलिमीटर. या खेळात बोल्ट-ॲक्शन रायफली वापरतात. इथे बोल्ट म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता दांडा. त्याच्या पोटात एक फायरिंग पिन असते, तिच्यामागे ताणून बसवलेली स्प्रिंग. ट्रिगर दाबला की सिअर नावाची इवलीशी पोलादी पायरी बाजूला सरकते, पिन पुढे झेपावते, काडतुसाच्या कडेवर आदळते आणि आतलं स्फोटक पेटतं. सिअर सुटल्यापासून पिन आदळेपर्यंतचा वेळ म्हणजे लॉक टाइम. तोड्याच्या बंदुकीत जळती वात खाली यायची, रंजक म्हणजे बाहेरची चिमूटभर दारू पेटायची, मग कानातून, म्हणजे नळीच्या बारीक छिद्रातून, आग आत जायची आणि मग बार. कधीकधी नुसतं रंजकच उडायचं. आता सगळा मामला काही मिलिसेकंदांचा आहे.

इतक्या थोड्या वेळाची काळजी का करायची? रायबंदरहून चोडणला जाताना फेरीबोटीच्या कठड्याशी उभे राहा आणि समोरच्या धक्क्यावरच्या एका खांबावर बोट रोखा. बोट डुलते तसं बोटही डुलतं. 'आता' असं मनात म्हणेपर्यंत ते खांबावरून सरकलेलं असतं. नेमबाजाची रायफलही अशीच डुलत असते, फक्त डोळ्याला दिसणार नाही इतकी. सिअर सुटल्यावर त्याच्या हातात काहीच उरत नाही. माणसाला काही दिसून हात हलवायलाही साधारण २०० मिलिसेकंद लागतात.

आता थोडा हिशेब. आकडे मी सोयीसाठी घेतलेत. पिन ४० ग्रॅमची, नेहमीची वेटोळ्यांची स्प्रिंग तिला सरासरी ६० न्यूटनने ढकलते, म्हणजे सहाएक किलोच्या वजनाइतकं, आणि पिन ८ मिलिमीटर धावते. पिनच्या ठोक्यात अर्ध्या ज्यूलला थोडी कमी ऊर्जा येते आणि वेळ लागतो ३.३ मिलिसेकंद. ठोका तेवढाच ठेवून धाव निम्मी करायची तर जोर दुप्पट हवा: १२० न्यूटन, ४ मिलिमीटर. ऊर्जा तीच, शेवटचा वेगही तोच, सेकंदाला पाचेक मीटर. वेळ मात्र १.६ मिलिसेकंद. ठोका कायम ठेवला तर लॉक टाइम धावेच्या प्रमाणात घटतो.

चार मिलिमीटर मात्र एका चकतीच्या आवाक्याबाहेरचे. म्हणून चळत रचायची, आणि खरी गंमत या रचण्यात आहे. बशा एकीत एक, सगळ्या सुलट्या ठेवल्या तर जोर वाढतो, दबण्याचं अंतर एका बशीएवढंच राहतं. एक उपडी, एक सुलटी अशा ठेवल्या तर जोर एकीचा आणि अंतर सगळ्यांचं मिळून. एक चकती पाव मिलिमीटर दबत असेल, तर अशा सोळा चकत्यांत आपले चार मिलिमीटर भरतात. पिनच्या दांड्यावर त्या मण्यांसारख्या ओवायच्या.

चकतीच्या आकारातही बरंच दडलेलं आहे. तिची फुगीर उंची जाडीच्या मानाने कमी असली, तर ती साध्या स्प्रिंगसारखी वागते: जितकी दाबाल तितका विरोध. उंची जाडीच्या साधारण १.४ पट, नेमकं सांगायचं तर दोनाच्या वर्गमुळाइतकी झाली, की मधल्या टप्प्यात जोर जवळजवळ सपाट राहतो. त्याहून जास्त झाली, की एका मर्यादेनंतर चकती दाबावी तसा तिचा विरोध उलट कमी होतो. गाडीचा क्लच खालपर्यंत दाबल्यावर पाय हलका पडतो, तो याच गुणामुळे. अल्मेन आणि लास्झलो यांनी १९३६ साली याचं गणित मांडलं आणि आजही अभियंते तेच वापरतात.

मग रायफलीतही तशीच चकती का नको? घोडा चढवल्यावर सिअरवरचा भार हलका राहील की! विचार मोहात पाडणारा आहे, पण अशा चकत्या उपड्या-सुलट्या रचल्या की एकजुटीने वागत नाहीत. एक अचानक सपाट होते, शेजारची तशीच फुगलेली राहते. नेमबाजाला हवा असतो दर वेळी तोच ठोका. म्हणून चकत्या कमी फुगीर घ्यायच्या आणि दुप्पट भार सिअरने मुकाट सोसायचा. ट्रिगर शे-दीडशे ग्रॅमवर सुटावा आणि त्याच्या पलीकडे बारा-पंधरा किलो अडून राहावेत, हे सोपं नाही. डिस्क स्प्रिंगची खरी किंमत तिथे मोजावी लागते.

बदल्यात मिळतं काय? लॉक टाइम घटला हाच मोठा फायदा असं वाटेल; माझं मत जरा वेगळं आहे. लक्ष्यावरचा रोख सेकंदाला ३० मिलिमीटरने सरकतोय असं धरलं, तर वाचलेल्या दीड-पावणेदोन मिलिसेकंदांत तो सरकला असता फक्त ०.०५ मिलिमीटर. एवढ्याने दशांशही हलत नाही. पिन पुढे धावताना रायफलला मागे ढकलते, तो धक्का निम्म्या अंतरात संपतो. हा फायदा मला जास्त खरा वाटतो, कारण नळी खांद्याच्या टेकूपेक्षा वर असल्याने तो धक्का तिला किंचित वळवू पाहतो.

त्याहून मोठी गोष्ट ठोक्याच्या सारखेपणाची. ५० मीटर जाईपर्यंत या रायफलीची .२२ इंची गोळी जवळपास १२ सेंटिमीटर खाली येते. एखाद्या गोळीचा वेग सेकंदाला ५ मीटरने कमी पडला, तर ती आणखी साडेतीन मिलिमीटर खाली लागते. म्हणजे चार दशांश गेले. वेगातल्या फरकाला बारुदासकट अनेक कारणं असतात, ठोक्यातला चढउतार हे त्यातलं एक. वेटोळ्यांची स्प्रिंग दबताना किंचित पीळ घेते, कुशीवर वाकते, बोल्टच्या आतल्या भिंतीला घासते. चकत्यांना हा रोग नाही. त्यांचा रोग वेगळा: चळतीत कडा कडांवर आणि दांड्यावर घासतात, थोडी ऊर्जा तिथेच जिरते, आणि मध्ये घट्ट वंगण किंवा कचरा साचला तर आणखी जिरते.

आपल्याकडच्या खाऱ्या हवेत तर जास्तच सांभाळावं लागतं. क्रोम-व्हॅनेडियमच्या चकतीवर गंजाचा एक ठिपका पडला की पुढची तड बहुधा तिथूनच सुरू होते. सोळांतली एक तडकली तरी बाकीच्या पंधरा काम करत राहतात आणि रायफल उडते. फक्त ठोका थोडा हलका पडतो, गोळ्या वर-खाली पसरू लागतात, आणि नेमबाज आधी काडतुसांची पेटी बदलून बघतो.