यकृतातलं गळू आणि माकडांतला अमिबा

१९०८ साली अल्दो कास्तेलानी या इटालियन डॉक्टरांनी श्रीलंकेतल्या एका माकडाच्या यकृतातलं गळू तपासलं. त्यात अमिबा होते. त्यांनी त्यावर जेमतेम दोन पानांचं टिपण लिहिलं आणि परजीवीशास्त्रज्ञ जॉर्ज नटॉल यांच्यावरून या अमिबाला 'एन्टामिबा नटाली' असं नाव दिलं. पुढे हे नाव जवळपास शंभर वर्षं अडगळीत पडलं. सूक्ष्मदर्शकाखाली हा अमिबा माणसाच्या आमांशाच्या अमिबासारखाच दिसत होता, आणि त्या काळी जंतूची ओळख दिसण्यावरूनच ठरायची.

माणसाच्या आमांशाचा अमिबा तोवर परिचयाचा झाला होता. १८७५ मध्ये सेंट पीटर्सबर्गला फ्योदोर ल्योश यांना तो आव पडणाऱ्या एका रुग्णाच्या शौचात सापडला. इजिप्तमध्ये कार्तुलिस यांनी यकृताच्या गळवाशी त्याचा संबंध दाखवला. १८९१ मध्ये बाल्टिमोरच्या काउन्सिलमन आणि लाफ्लर यांनी आतडं व यकृत या दोन्हींतल्या आजाराचं सविस्तर वर्णन केलं. 'एन्टामिबा हिस्टोलिटिका' हे नाव १९०३ मध्ये फ्रिट्झ शाउडिन यांनी दिलं.

आतड्यातला जंतू यकृतात पोचतो कसा? दूषित पाण्यातून किंवा अन्नातून त्याच्या पुटी, म्हणजे टणक कवचातले अमिबा, पोटात जातात. जठरातलं आम्ल त्यांचं काही बिघडवू शकत नाही. लहान आतड्यात कवच फुटतं आणि बाहेर पडलेले अमिबा मोठ्या आतड्यात वस्ती करतात. बहुतेकांच्या पोटात ते निमूट राहतात. काहींच्या आतड्याच्या अस्तराला मात्र ते चिकटतात आणि पेशी मारत आत घुसतात. जिवंत पेशीचे लचके तोडून ते तिला मारतात, हे २०१४ मध्ये उघड झालं. आतड्याचं रक्त यकृताकडे नेणाऱ्या शिरेत शिरले की पुढची वाट सरळ असते. गळू बहुधा यकृताच्या उजव्या भागात होतं. ताप येतो, उजव्या बरगड्यांखाली दुखतं, कधी उजवा खांदाही धरतो. तेव्हा जुलाब होत असतीलच असं नाही, त्यामुळे निदान चुकतं. आतून निघणारा तपकिरी, चॉकलेटी द्रव मुख्यतः मेलेलं यकृतच असतं. अमिबा असतात ते गळवाच्या कडेला. प्रौढ पुरुषांत हा आजार स्त्रियांच्या कित्येक पट जास्त आढळतो.

हिंदुस्थानातल्या गोऱ्या पलटणींत यकृताच्या गळवानं माणसं दगावत. कलकत्त्यात लिओनार्ड रॉजर्स यांनी १९१२ मध्ये एमेटिनची इंजेक्शनं वापरली, तेव्हा पहिल्यांदा खात्रीचा इलाज हाती आला. औषध जालीम होतं, हृदयावर परिणाम करायचं. मेट्रोनिडाझोल या आजारावर चालतं हे डर्बनच्या डॉक्टरांनी १९६६ मध्ये दाखवलं, आणि आजही आधार त्याचाच आहे. त्याच्या जोडीला आतड्यातल्या पुटींसाठी दुसरं औषध घ्यावं लागतं. ते टाळलं तर आजार पुन्हा उलटू शकतो.

एक कोडं मात्र सुटत नव्हतं: लागण झालेल्यांपैकी थोडेच आजारी का पडतात? १९१३ मध्ये मनिलाच्या तुरुंगात वॉकर आणि सेलार्ड्स यांनी २० कैद्यांना अमिबा खाऊ घातले. १८ जणांना लागण झाली, आमांश फक्त चौघांना. कैद्यांवरचा असा प्रयोग आज कुणी मान्य करणार नाही आणि करूही नये, पण त्यातून उभा राहिलेला प्रश्न खरा होता. १९२५ मध्ये फ्रान्सच्या एमिल ब्रुम्प्ट यांनी सुचवलं की हे दिसायला सारखे, पण दोन वेगळे जंतू असावेत: एक घातक, दुसरा निरुपद्रवी. त्या निरुपद्रवी जंतूला त्यांनी 'डिस्पार' म्हटलं. फार थोड्यांनी ते मानलं. आधी विकरांच्या (एन्झाइमांच्या), मग जनुकांच्या अभ्यासातून त्यांचं म्हणणं खरं ठरलं आणि १९९३ मध्ये डायमंड व क्लार्क यांनी दोघांची रीतसर फारकत केली. जगात सुमारे ५० कोटी लोकांना लागण आहे या जुन्या अंदाजातले बहुतेक जण डिस्पारचेच वाहक होते.

याच जनुकीय चाचण्या माकडांकडे वळल्या तेव्हा कास्तेलानींचा अमिबा परत सापडला. २००७ मध्ये जपानी संशोधकांनी ऱ्हीसस माकडातला अमिबा वेगळा काढला. तो हिस्टोलिटिकाचा अगदी जवळचा भाऊबंद निघाला, पण जात वेगळी. हॅमस्टरच्या यकृतात त्यानं गळवं केली. नटाली हे जुनं नाव त्याला पुन्हा मिळालं. नंतर नेपाळ आणि चीनच्या रानमाकडांतही तो आढळला. त्यांच्यात तो बहुधा त्रास न देता राहतो.

युरोपातल्या एका प्राणिसंग्रहालयात माकडांची देखभाल करणाऱ्या व्यक्तीच्या शौचातही नटाली मिळाल्याची नोंद २०१५ मध्ये झाली. त्या व्यक्तीला कसलाही त्रास नव्हता. यावरून मंदिरांभोवतीच्या माकडांना दोष देणं मला अन्यायाचं वाटतं. माणसाला हा आजार मुख्यतः माणसाच्याच मैल्यातून, पिण्याच्या पाण्यात मिसळलेल्या सांडपाण्यातून होतो. पिंजरे साफ करणाऱ्या कामगारांना मात्र हातमोजे, साबण आणि वेळोवेळी शौचाची तपासणी मिळायलाच हवी, आणि ती तपासणी जनुकीय असावी, कारण नुसत्या सूक्ष्मदर्शकाखाली हिस्टोलिटिका, डिस्पार आणि नटाली आजही सारखेच दिसतात.