किमोनोसाठी सेंट गालेन भरतकाम

ईशान्य स्वित्झर्लंडमधील सेंट गालेनच्या यंत्रभरतकामाची जपानी किमोनोच्या बेतणीशी सांगड घालणारी वस्त्ररचना. दोन देशांची मैत्री कपड्यातून दाखवायची म्हणून किमोनोवर स्वित्झर्लंडचे प्रतीक असलेले एडेलवाइसचे फूल काढले, एवढ्याने ही सांगड बसत नाही. रचनाकाराला जपानी कापडाचा पन्हा आणि स्विस यंत्रावरील सुयांमधले अंतर ही दोन्ही मापे एकत्र धरून नक्षी आखावी लागते.

वस्त्रव्यवहारातला या दोन देशांचा संबंध जुना आहे. एमे आंबेर यांच्या नेतृत्वाखालील स्विस शिष्टमंडळाने 6 फेब्रुवारी 1864 रोजी एदो (आजचे टोकियो) येथे जपानशी करार केला. शिष्टमंडळाचे सचिव कास्पार ब्रेनवाल्ड यांनी पुढच्याच वर्षी हेर्मान झिबर यांच्यासोबत योकोहामात पेढी काढली आणि कच्च्या रेशमाची निर्यात सुरू केली. युरोपातील रेशीमकिड्यांवर त्या काळी रोग पडला होता, त्यामुळे जपानी रेशमाला मोठी मागणी होती. इकडे सेंट गालेन भागात इझाक ग्रोब्ली यांनी 1863 मध्ये शिफली हे भरतकामाचे यंत्र तयार केले. 1910च्या सुमारास भरतकाम ही स्वित्झर्लंडची सर्वांत मोठी निर्यात होती.

किमोनो एकाच अरुंद ताक्यातून निघतो. तानमोनो नावाच्या या ताक्याचा पन्हा साधारण 36 ते 38 सेंमी आणि लांबी 12 ते 13 मीटर असते. सर्व काप सरळ असतात आणि आठ तुकडे निघतात: अंगाचे दोन, बाह्यांचे दोन, पुढे एकमेकांवर येणाऱ्या पट्ट्या दोन, गळपट्टी आणि तिच्यावरची पट्टी. पुढच्या पट्ट्या आणि गळपट्ट्या कापडाचा उरलेला भाग उभा चिरून मिळतात. जादा कापड छाटून टाकत नाहीत, आत दुमडतात. म्हणून किमोनो पुढे उसवून मोठाही करता येतो. शिलाई हाताने, धावदोऱ्याची असते. टाक्यांच्या रेषेपासून सुमारे 2 मिमी पुढे घडी मोडतात. टाका झाकला जातो आणि शिवणीवर ताणही येत नाही.

शिफली यंत्रात सुयांची लांब रांग असते. पुढचा दोरा सुईत, मागचा होडीच्या आकाराच्या धोट्यात. सुया जागच्या जागी आत-बाहेर करतात आणि ताणलेले कापड चौकटीसह सरकते. पूर्वी सहापट मोठ्या आराखड्यावरून हाताने रेषा गिरवून चौकट हलवत. आता हे काम संगणक करतो. दोन सुयांमधले अंतर एक फ्रेंच इंच, म्हणजे 27.07 मिमी असते. त्यामुळे नक्षीची पुनरावृत्ती याच मापाच्या पटीत ठेवावी लागते. चौदा अंतरे मोजली की 37.9 सेंमी होतात. जपानी शिंपी कापड मोजायला वापरतात ते शाकू हे मापही तेवढेच. हा योगायोगच, पण रचनाकाराच्या फार उपयोगाचा: चौदाची पुनरावृत्ती धरली तर नक्षी थेट जपानी मापांत आखता येते. 15 यार्डांच्या यंत्रावर सुमारे 13.7 मीटर कापड बसते, म्हणजे आखा ताका एकसंध भरता येतो. 10 यार्डांच्या यंत्रावर तो दोनदा लावावा लागतो आणि जोडाच्या जागी नक्षी हलण्याचा धोका राहतो.

सर्वांत जास्त घोटाळा खांद्यावर होतो. अंगाचा तुकडा पुढून मागे अखंड जातो, खांद्याला शिवण नसते. पाठीवर सरळ उभे असलेले फूल पुढे उलटे लोंबते. जपानी रंगकाम करणारे नक्षी खांद्यापाशी उलटवतात, पण शिफलीच्या सगळ्या सुया एकाच वेळी एकच आकृती काढतात. म्हणून एकतर दिशा नसलेली नक्षी घ्यावी, नाहीतर अर्ध्या भागाच्या सुया काढून ठेवून काम दोन फेऱ्यांत करावे आणि दुसऱ्या फेरीत आराखडा उलटा लावावा. बाह्यांनाही हेच लागू. पहिला मार्ग स्वस्त आहे. उत्सवाच्या किमोनोला मात्र दुसराच शोभतो.

दोन्ही काठांना किमान दीड सेंमी कापड कोरे ठेवावे. भरतकाम शिवणीत आले की सुई अडते आणि 2 मिमीची घडी बसत नाही. कमरेची दुमड आणि ओबी या रुंद कमरपट्ट्याखालचा भागही कोराच बरा: तिथे भरतकाम फुगते, लांब टाके ओढले जातात. दाट टाक्यांनी कापड आक्रसते, म्हणून आधी एक पुनरावृत्ती नमुन्याला भरून मोजावी. चिरिमेन या पिळाच्या रेशमाला वाफ देऊन आधी पन्हा स्थिर करून घ्यावा, नाहीतर भरतकामाभोवती सुरकुत्या पडतात. चुकलेले भरतकाम उसवून उपयोग नाही. रेशमात सुयांची भोके राहतात.

सेंट गालेनची विरघळत्या कापडावरची लेस हाओरी या वरच्या अंगरख्याला जास्त चांगली. आधाराचे कापड पाण्यात विरघळते आणि टाक्यांचे जाळे उरते. टाके एकमेकांत अडकले नसतील तर धुतल्यावर जाळे सुटते, म्हणून प्रत्येक आकृती शेजारच्या आकृतीला दुव्याने जोडलेली हवी.

पारंपरिक धुलाईत किमोनो उसवतात, तुकडे पुन्हा जोडून लांब पट्टी करतात आणि टोकांना सुया असलेल्या बांबूच्या काड्यांनी ती ताणून वाळवतात. जड भरतकाम या ताणात कापडाबरोबर वाढत नाही आणि काठ लाटेसारखा होतो. अशा किमोनोच्या भरतकाम केलेल्या पट्ट्या काड्या न लावता सपाट पसरून वाळवाव्यात आणि उलट बाजूने, मऊ कापडावर ठेवून हलकी इस्त्री करावी.