जादू असली की यंत्रं थांबतात?

कल्पनारम्य कथा लिहिणाऱ्या आपल्या मुंबईकर मंडळींत एक समज वर्षानुवर्षं घट्ट बसलाय: मंत्राने काम होत असेल तर यंत्र कोण बनवेल? हा समज चुकीचा आहे. आधी विचारायला हवं, ती जादू किती जणांना आणि काय भावात मिळते? मुंबईच पाहा. बोरीबंदर-ठाणे आगगाडी १८५३ साली धावली, तरी १८७४ मध्ये घोड्यांची ट्राम नव्याने सुरू झाली. विजेची ट्राम थेट १९०७ मध्ये. वाफ हाताशी होती, पण शहरातल्या रस्त्यांवर घोडा सोयीचा होता. जादूचंही तसंच: शंभरात एकच मांत्रिक असेल, तर उरलेले नव्व्याण्णव जण पाणचक्की बांधणारच. आणि जादू सर्वांच्या हाती आली, तर (मला हीच शक्यता जास्त आवडते) तिचीच मापं ठरतील, कारखाने निघतील, दुरुस्तीवाले बसतील.