मळ्यात बांधलेली डोंगरी गाडी : खानदेशातील एका कारागिरीची पार्श्वभूमी

गेल्या उन्हाळ्यात शिरपूर तालुक्यातील एका मळ्यात, सातपुड्याच्या अगदी पायथ्याशी, पत्र्याच्या शेडखाली दोन चेसिस, म्हणजे गाडीचे लोखंडी सांगाडे, शेजारी शेजारी लाकडी ओंडक्यांवर टेकवलेल्या मी पाहिल्या. दोन्ही जुन्या जीपच्या होत्या, दोन्हींवरचा सांधा न् सांधा उघडा पडलेला होता आणि माझ्या मित्राचे थोरले भाऊ, ज्यांना गावात सगळे आबा म्हणतात, त्यांतील एकीवर तारेचा ब्रश फिरवत गंज काढत बसले होते. ‘चासी सरळ असेल तर गाडी उभी राहते, बाकी सगळं मिळतं,’ एवढेच ते बोलले. घरी स्वतःच्या हाताने डोंगरात चालणारी मालगाडी बांधण्याची जी रीत खानदेशात रुजली, तिचा सगळा इतिहास या एका वाक्यात आहे, असे मला वाटते. कारण ही कारागिरी शक्य झाली ती गाडीचा सांगाडा आणि तिची बॉडी या दोन वेगळ्या वस्तू होत्या म्हणूनच.

या रचनेचा उगम युद्धात आहे. 1940 मध्ये अमेरिकी सैन्याने चारही चाकांना ओढ असणाऱ्या हलक्या गाडीची मागणी केली, तेव्हा पेनसिल्व्हेनियातील बॅन्टम या छोट्या कंपनीने पहिला नमुना अवघ्या 49 दिवसांच्या मुदतीत तयार करून दिला. पुढे विलिज आणि फोर्ड यांनी मिळून सहा लाखांहून अधिक गाड्या बांधल्या. शिडीसारखी चेसिस, पुढेमागे धक्के झेलणाऱ्या पोलादी पाट्यांच्या कमानी, दोन अखंड एक्सल आणि मध्ये पुढच्या-मागच्या चाकांना ओढ वाटून देणारा गिअरचा डबा, म्हणजे ट्रान्सफर केस, अशी ती मांडणी होती. रणभूमीवर दोन मोडक्या गाड्यांमधून एक चालती गाडी उभी करता यावी, या गरजेपोटी तिचा बहुतेक प्रत्येक भाग नटबोल्ट सोडून सुटा करता येत असे. युद्ध संपल्यावर याच गुणामुळे लिलावात निघालेल्या जीप सामान्य माणसाच्या अंगणात आल्या. 1948 मध्ये आर्थर वॉर्न यांनी सिअ‍ॅटलमध्ये पुढच्या चाकांची ओढ हाताने जोडता-तोडता येईल असे हब विकायला सुरुवात केली; सैन्याची जीप रोजच्या रस्त्यावर वापरणारे लोकच त्यांचे गिऱ्हाईक होते. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये लँड रोव्हर आली आणि पोलादाच्या टंचाईमुळे तिची बॉडी अ‍ॅल्युमिनियमची केली गेली. 1967 मध्ये मेक्सिकोच्या बाहा द्वीपकल्पात वाळवंटी शर्यत सुरू झाल्यावर अमेरिकेत घरबसल्या गाड्या बांधणाऱ्यांचा स्वतंत्र वर्गच तयार झाला. तो मुख्यतः हौसेचा होता. आपल्याकडे कारण निराळे होते.

आपल्याकडे महिंद्र कंपनीने 1947 पासून मुंबईत विलिज जीपची जुळणी सुरू केली. उंच बॉनेटची सीजे-3बी ही जीप अमेरिकेत 1953 मध्ये आली, पण भारतात ती आणि तिच्या वंशातील गाड्या त्यानंतर कित्येक दशके बनत राहिल्या. बाहेरच्या जगाला हे मागासलेपण वाटले असेल. गावच्या मिस्त्रीला मात्र याचा मोठा लाभ झाला. तीस वर्षे जुन्या गाडीचा एक्सल नव्या गाडीला बसे, पाट्यांचे माप बदलत नसे, आणि एकदा शिकलेला हात आयुष्यभर उपयोगी पडे. पेट्रोल महागले तसे अनेकांनी जुन्या जीपमधील पेट्रोल इंजिन काढून डिझेल इंजिन बसवले. गावोगावच्या कारखान्यांतील फेरबदलाची ही पहिली मोठी लाट म्हणावी लागेल, कारण इंजिन बसवायचे म्हणजे त्याचे पाय, गिअरबॉक्सची जोडणी, रेडिएटरची जागा आणि जॉइंटची, म्हणजे एक्सलपर्यंत ओढ नेणाऱ्या फिरत्या दांड्याची, लांबी हे सारे नव्याने करावे लागते.

दुसरा पुरवठा सैन्याच्या लिलावांतून झाला. जबलपूरच्या कारखान्यात निसान कंपनीच्या परवान्याने बनणारी जोंगा ही सुमारे चार लिटरच्या सहा सिलिंडरी पेट्रोल इंजिनाची गाडी होती. डिस्पोजलमध्ये ती मिळे, पण तिला पेट्रोल पाजणे शेतकऱ्याला परवडणारे नव्हते, म्हणून तिच्यातही डिझेल इंजिने गेली. 1985 मध्ये आलेली मारुती जिप्सी हलकी आणि चपळ होती. तरीही हौदा लावून ओझे वाहायचे तर जीपच बरी, हे मत मी अनेक जुन्या चालकांकडून ऐकले आहे आणि मला ते पटते.

खानदेशात ही कारागिरी का रुजली, याचे उत्तर मात्र गाडीपेक्षा जुने आहे. अमेरिकेतील 1861 ते 1865 च्या यादवी युद्धाने येथील कापसाला भाव आणला, त्याच दशकात रेल्वे भुसावळपर्यंत पोहोचली आणि मागोमाग जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. कारखाना आला की लेथ येतो, लेथ आला की शाफ्ट तासणारा माणूस तयार होतो. पुढे विहिरींवर ऑइल इंजिने आली आणि पिस्टन, बेअरिंग, व्हॉल्व्ह यांची दुरुस्ती तालुक्याच्या गावी होऊ लागली. धुळ्याला मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग एकमेकांना छेदत असल्याने ट्रकची गॅरेजे, कमानपाटे बांधणारे आणि लाकडी-लोखंडी बॉड्या बांधणारे यांची वस्ती तेथे वाढली. ट्रकची नुसती चेसिस यायची आणि केबिन, हौदा, फाळका हे सारे स्थानिक बॉडीवाला बांधायचा. ज्याने दहा टनी ट्रकचा हौदा बांधला, त्याला जीपचा हौदा बांधणे अवघड कसे जाणार?

हात होते, तशीच गरजही होती. अक्राणी, अक्कलकुवा, तोरणमाळ या भागांत पाड्यांपर्यंत जाणारी वाट म्हणजे अनेक ठिकाणी नाल्याचे पात्रच असे. तोरणमाळ अकराशे मीटरांहून उंच आहे आणि सातपायरी घाटाची चढण आजही गाडीची परीक्षा घेते. आठवडी बाजाराला माणसे, धान्य, शेळ्या आणि आजारी माणूस हे सगळे एकाच जीपमधून येत असे. चालकाला जास्त उंची, जास्त ओढ आणि लांब हौदा हवा होता, कंपनी तो देत नव्हती, म्हणून तो मिस्त्रीकडे गेला. ‘गाडी चढनी का?’ हा एकच प्रश्न विचारला जाई, आणि गाडी कशी दिसते याला फारसे महत्त्व नव्हते.

या कामातील कौशल्य जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही. जुन्या जीपमध्ये पाटे एक्सलच्या खाली असतात. ते एक्सलच्या वर घेतले की गाडी एका फटक्यात पाच-सहा इंच उचलली जाते, आणि नवख्याला वाटते की काम झाले. खरे काम तेथून सुरू होते. जॉइंटचा कोन वाढतो आणि त्याच्या टोकांचे सांधे, म्हणजे क्रॉस, लवकर तुटतात, म्हणून एक्सलवरील पाट्यांच्या बैठका कापून हौसिंगचे, म्हणजे एक्सलच्या कवचाचे, तोंड वर वळवून पुन्हा वेल्ड कराव्या लागतात. स्टिअरिंगचा दांडा तिरपा होतो आणि प्रत्येक खड्ड्यात गाडी एका बाजूला ओढते. जोर लावला की पाटे इंग्रजी एस अक्षरासारखे वळतात. चाकांचेही तसेच आहे. 29 इंचांच्या जागी 33 इंचांचे चाक घातले की प्रत्येक फेरीत गाडी सुमारे 14 टक्के जास्त अंतर कापते, म्हणजे चढणीवर ओढ सुमारे 12 टक्के कमी पडते. ती डिफरेन्शियलचे, म्हणजे एक्सलमधील गिअरचे, दात बदलून परत मिळवावी लागते. ब्रेक तेवढेच राहिले तर उतारावर जीवच धोक्यात येतो.

हौद्यासाठी चेसिस लांबवणे हे याहून जोखमीचे काम आहे. जाणता मिस्त्री चेसिसची लांब दांडी सरळ उभी कापत नाही. तिरपा काप घेतो, आतून पट्टी बसवतो आणि पट्टीची टोकेही तिरपी ठेवतो, कारण उभ्या वेल्डच्या रेषेवर सारा ताण एकवटतो आणि तेथेच तडा जातो. आमच्या घरच्या जुन्या जीपची चेसिस अशाच सरळ वेल्डवर, केळीचे घड भरलेले असताना, अनेर नदीच्या उतारावर तुटली होती. मी तेव्हा शाळेत होतो आणि हौद्यात बसलो होतो. कोणाला इजा झाली नाही, पण त्या दिवसापासून वेल्ड पाहिला की माझा हात आपोआप त्यावर फिरतो.

कायद्याचा इतिहासही या गाडीबरोबर चालत आला आहे. 1988 च्या मोटार वाहन अधिनियमातील कलम 52 मूळ रूपात नोंदणी अधिकाऱ्याच्या मंजुरीने फेरबदलाला वाव देत होते. 2000 मधील दुरुस्तीने निर्मात्याने ठरवलेल्या मूळ वर्णनाशी विसंगत असा बदल करण्यास मनाई झाली, आणि 9 जानेवारी 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळमधून आलेल्या एका प्रकरणात हीच भूमिका कायम केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182अ नुसार अशा फेरबदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. इंजिन बदलायचे तर आधी परवानगी घ्यावी लागते. पासिंगला नेलेली उंचावलेली जीप आज परत पाठवली जाते, आणि तुटलेल्या वेल्डचा अनुभव असलेला माणूस म्हणून मला यात अन्याय दिसत नाही. दुःख आहे ते वेगळ्याच गोष्टीचे: चांगला मिस्त्री आणि वाईट मिस्त्री यांत फरक करण्याची, त्याचे काम तपासून पसंत करण्याची सोय या व्यवस्थेत नाही.

त्यामुळे ही कारागिरी आता दोन वाटांनी चालली आहे. एक वाट जुन्या गाडीला तिच्या मूळ मापात परत आणण्याची, दुसरी केवळ खासगी जमिनीवर किंवा स्पर्धेच्या मैदानात चालणारी गाडी बांधण्याची. 2014 पासून गोव्यात होणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धांनी दुसऱ्या वाटेला तरुण मुले मिळवून दिली आहेत. पाड्यांपर्यंत डांबरी रस्ते पोहोचू लागल्याने गरजेपोटी गाडी बांधणारे मात्र कमी झाले.

आबांच्या शेडमधील दोन चेसिस याच दोन वाटांच्या आहेत. एकीला कागद नाहीत. तिच्यावर उंच पाटे, मोठी चाके आणि हौदा चढणार असून ती मळ्याच्या बांधाबाहेर जाणार नाही. दुसरीचे आरसी बुक त्यांच्या वडिलांच्या नावाचे, पत्र्याच्या पेटीत जपलेले आहे. ते मांडीवर उघडे ठेवून आबा दांडीवर ब्रश घासत होते आणि गंजाखालून चेसिस क्रमांकाचा एकेक आकडा वर येत होता. शेवटचे दोन आकडे दिसले तेव्हा त्यांनी चष्मा पुसला, पुस्तकातील क्रमांकावर बोट ठेवले आणि तो मला मोठ्याने वाचायला सांगितला.