वेबकॅमचा लाल दिवा जोडायचा कुठे?

सोलापुरात चादरी-टॉवेलचे नमुने व्हिडिओ कॉलवर दाखवणं आता नवलाचं राहिलेलं नाही. त्यासाठी रास्पबेरी पाय झिरो हा छोटा संगणक आणि त्याचा कॅमेरा मॉड्यूल २ घेतला, की चांगला वेबकॅम घरीच तयार होतो. उणीव एकच: कॅमेरा चालू आहे की बंद, हे समोरच्याला कळत नाही. २०१३ च्या पहिल्या मॉड्यूलवर लाल दिवा होता, २०१६ च्या दुसऱ्यावर तो नाही. दुकानात गिऱ्हाईक कॅमेऱ्यासमोर बसतं, घरात मुलं वावरतात. त्यांना कळायलाच हवं.

जीपीआयओ पिनला, म्हणजे प्रोग्रामने चालू-बंद होणाऱ्या पिनला, एलईडी जोडून पेटवणं सर्वांत सोपं, पण असा दिवा विश्वासाचा नाही. जो प्रोग्राम चित्रण करतो तोच दिवा विझवूही शकतो. पहिल्या मॉड्यूलचा दिवासुद्धा सेटिंगच्या फाइलमध्ये एक ओळ लिहून बंद करता येतो. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये ॲपलच्या जुन्या लॅपटॉपवर याहून गंभीर गोष्ट दाखवली. तिथे दिवा सेन्सरच्या, म्हणजे चित्र टिपणाऱ्या चिपच्या, स्टँडबाय पिनवर (सेन्सरला झोपवणाऱ्या पिनवर) तारेनेच जोडलेला होता. संशोधकांनी कॅमेऱ्याचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतला प्रोग्राम, असा बदलला, की सेन्सर त्या पिनकडे लक्षच देईना. दिवा बंद आणि चित्रण सुरू!

म्हणून दिवा अशा तारेवर हवा, जिच्याशिवाय सेन्सरला वीजच मिळत नाही. मॉड्यूलच्या १५ पिनांच्या कनेक्टरमध्ये अशी एक पिन असते, साधारणपणे अकरावी. पण मोजणी कोणत्या टोकापासून करायची यात हमखास गोंधळ होतो, तेव्हा मल्टिमीटरनेच शोधा. काळा प्रोब यूएसबी सॉकेटच्या धातूवर ठेवा आणि लाल प्रोब एकेका पिनवर, शेजारच्या पिनला न लावता. कॅमेरा बंद असताना शून्य आणि चालू होताच सुमारे ३.३ व्होल्ट दाखवेल ती आपली पिन. जिथे कायम ३.३ दिसतात, त्या पुरवठ्याच्या आणि संदेशाच्या पिना. त्यांना हात लावू नका.

सामान थोडंच लागतं: ३ मिमीचा लाल एलईडी, ४७० ओहम आणि १० किलोओहमचे रेझिस्टर, बीसी ५४७ ट्रान्झिस्टर आणि केसासारखी बारीक तार. ट्रान्झिस्टरची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले, की डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असा क्रम येतो. शोधलेल्या पिनपासून १० किलोओहममधून बेसला, एमिटर रास्पबेरी पायच्या सहाव्या पिनला म्हणजे ग्राउंडला. दुसऱ्या पिनवरचे ५ व्होल्ट ४७० ओहममधून एलईडीच्या लांब पायाला, आखूड पाय कलेक्टरला. लाल एलईडी सुमारे २ व्होल्ट घेतो, त्यामुळे ६ मिलिअँपिअर वाहतात. खोलीत तेवढा उजेड पुरतो. डोळ्यांना बोचला तर ४७० च्या जागी १ किलोओहम लावा.

१० किलोओहमचा रेझिस्टर मात्र कधीही गाळू नका. तो नसेल तर बेस त्या तारेला ०.७ व्होल्टच्या आसपास खाली ओढतो, सेन्सर जागाच होत नाही आणि लॅपटॉपवर काळी चौकट दिसते. रेझिस्टर असला की तारेवर पाव मिलिअँपिअरचाच भार पडतो.

सोल्डरिंग वीजपुरवठा काढूनच करा. पिना एकमेकींपासून १ मिलिमीटरवर असतात. बारीक टोकाचं सोल्डरिंग आयर्न वापरा आणि दोन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नका, नाहीतर कनेक्टरचं प्लास्टिक वितळतं. मग शेजारच्या पिनांशी शॉर्ट झालेला नाही ना, हे मल्टिमीटरने पाहा आणि तार चिकटवून टाका. ओढ बसली तर पिनच उखडते. रास्पबेरी पायच्या चिपजवळ ग्लू गनचा गोंद नको. सोलापूरच्या मे महिन्यात बंद डबीत तो मऊ पडतो. तिथे इपॉक्सी बरा.

डबीच्या पुढे ॲक्रिलिकची एकच पट्टी असेल, तर दिव्याचा उजेड पट्टीच्या आतून सरकत लेन्सपर्यंत जातो आणि चित्रावर लालसर धुकं येतं. दिव्यासाठी वेगळं भोक पाडा, एलईडीभोवती काळी हीटश्रिंक (गरम केल्यावर आवळणारी) ट्यूब चढवा आणि लेन्सपासून दोन-तीन सेंटिमीटर अंतर ठेवा.

रास्पबेरी पाय सुरू होताना दिवा क्षणभर लुकलुकला तर घाबरू नका. सेन्सर सापडतो का हे तेव्हा तपासलं जातं. पण व्हिडिओ कॉल बंद केल्यावरही तो पेटलेलाच राहिला, तर मागे कोणतं तरी ॲप कॅमेरा धरून बसलंय. ते शोधून बंद करा. हा दिवा फक्त चित्राचा आहे. आवाज लॅपटॉपच्या मायक्रोफोनने जातो आणि तो चालू आहे का, हे वेगळं पाहावं लागतं.