नानावटी केस: बचावाचे वकील जेठमलानी नव्हते

नौदलातले अधिकारी कावस नानावटी यांनी बायकोचा प्रियकर प्रेम आहुजा याला गोळ्या घातल्या, त्या नानावटी खटल्याचा विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणतं, जेठमलानींनी सोडवलं ना त्याला. नाही हो, नामांकित वकील राम जेठमलानी समोरच्या बाजूला होते, मयत प्रेम आहुजाच्या बहिणीकडून, सरकारी पक्षाच्या मदतीला. नंतर कित्येक वर्षं ते मुलाखतींतून या केसच्या आठवणी सांगत राहिले म्हणून तेच नाव डोक्यात बसलं. बचाव लढवला कार्ल खंडालावालांनी, जे पहाडी लघुचित्रांचे मोठे अभ्यासक पण होते, आणि त्यांचं नाव आज कोणाला आठवत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

२७ एप्रिल १९५९. कमांडर कावस नानावटींना बायकोने आहुजाशी असलेल्या संबंधांबद्दल सांगितलं. मग ते तिला आणि मुलांना सिनेमाला सोडून आपल्या बोटीवर गेले, रात्री एकट्याने अहमदनगरला गाडी चालवत जायचंय असं सांगून रिव्हॉल्वर आणि सहा गोळ्या घेतल्या, आहुजाच्या घरी गेले, तीन गोळ्या सुटल्या, आणि स्वतःच पोलिसांत हजर झाले.

खंडालावालांचं म्हणणं असं की नानावटींनी फक्त विचारलं, तिच्याशी लग्न करशील का, मुलांना सांभाळशील का, त्यावर आहुजा घाणेरडं बोलला, रिव्हॉल्वरवर झडप घातली आणि झटापटीत गोळ्या सुटल्या, म्हणजे खून नव्हे, अपघात. सरकारी पक्षाने टॉवेल पुढे केला. आहुजा नुकताच आंघोळ करून आलेला, कमरेला फक्त टॉवेल, झटापट झाली असती तर तो जागेवर राहिला असता का? माझ्या मते अख्ख्या केसमधला सगळ्यात जड प्रश्न हाच, तरी ज्युरीने, म्हणजे निकाल द्यायला बसवलेल्या सामान्य नागरिकांनी, आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष ठरवलं. बाहेर करंजियांच्या 'ब्लिट्झ' या साप्ताहिकाने नानावटींसाठी रान उठवलं होतं हेही विसरून चालणार नाही.

सेशन्स जज मेहतांना निकाल पटला नाही, त्यांनी केस हायकोर्टाकडे पाठवली. ११ मार्च १९६० ला जन्मठेप झाली आणि त्याच दिवशी राज्यपाल श्रीप्रकाशांनी शिक्षा स्थगित केली, त्यावरून वेगळंच वादळ उठलं. नोव्हेंबर १९६१ मध्ये सुप्रीम कोर्टाने जन्मठेप कायम केली, कारण घरातून निघाल्यापासून गोळ्या सुटेपर्यंत जवळपास तीन तास गेले होते, तेवढ्यात माणूस भानावर येतो, मग अचानक भडकून केलं हे कसं मानायचं.

आणि ज्युरी या एका केसमुळे बंद झाली असं सगळीकडे लिहितात तेही अर्धवट आहे. लॉ कमिशनने १९५८ मध्येच, म्हणजे या खुनाच्या आधी, ज्युरी बंद करा म्हटलं होतं, आणि कायद्यातून ती पूर्ण गेली १९७३ च्या नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेने. नानावटींना १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडितांनी माफी दिली, पुढे ते कुटुंबासह कॅनडाला गेले.