गवत्या की चंदेरा? हिरव्या तळ्यासाठी मासा निवडताना

"तयं हिरवं झालं, शेवाय खानारी मासोई द्या." पावसाळ्यात मत्स्यबीज घ्यायला आलेला माणूस बहुतेक वेळा असंच मागतो, आणि बहुतेक वेळा त्याच्या पिशवीत गवत्या पडतो. नावातच गवत असल्यामुळे कुणाला शंका येत नाही. दोन महिन्यांनी मासा टणक वाढलेला असतो आणि तळं पहिल्यापेक्षाही हिरवं. बीज चांगलंच असतं, फक्त त्या तळ्याला लागणारा मासा तो नसतो. गवत्या म्हणजे ग्रास कार्प आणि चंदेरा म्हणजे सिल्व्हर कार्प. दोन्ही शाकाहारी, दोन्ही शांत, दोन्ही १९५९ साली भारतात आणलेले, आणि दोघांचीही ओळख "शेवाळ खाणारा" अशीच सांगितली जाते. ताटात काय वाढलं तर कोण जेवतो, एवढं पाहिलं तर दोघांमध्ये साम्य जवळपास नाहीच.

मासा निवडण्याआधी तळ्यातला हिरवेपणा कोणता ते पाहायचं. काचेचा पेला तळ्याच्या मधल्या भागातल्या पाण्याने भरा आणि दहा मिनिटं सावलीत ठेवा. पाणीच पोपटी राहिलं, खाली काही बसलं नाही, तर तो डोळ्यांना सुटा न दिसणारा तरंगता शेवाळ, म्हणजे वनस्पती प्लवंग. पेला स्वच्छ दिसला तर एक काटकी काठाजवळच्या हिरव्यात फिरवा. ओल्या केसांच्या गुंत्यासारखं किंवा पिंजलेल्या कापसासारखं काही तिला गुंडाळून आलं, तर ते धाग्याचं शेवाळ. आणि हाताला देठ, पानं, मुळं लागली तर ते शेवाळच नाही, पाणवनस्पती आहे: बुडाशी रुजलेली हायड्रिला, किंवा वर तरंगणारी टिकलीएवढ्या पानांची वनस्पती, किंवा अझोला. उन्हाळ्यात अझोला लाल पडतो आणि पाण्यावर गंज चढल्यासारखा दिसतो. तशीच तांबूस साय एका सूक्ष्म शेवाळाचीही येते. चिमटीत घेऊन पाहिलं की फरक कळतो: अझोल्याला पानं आणि खाली लोंबणारी मुळं असतात, साय नुसती बोटाला रंग लावते.

गवत्या फक्त तिसऱ्या प्रकारासाठी. त्याचे दात जबड्यात नसतात, घशात असतात, आणि त्यांना विळ्यासारख्या खाचा असतात. पान तोडायचं, घशात रगडायचं, गिळायचं. हे काम तो पहिल्या दिवसापासून करत नाही. इंचभराचं पिल्लू सूक्ष्म प्राणीच खातं. म्हणून तण काढण्यासाठी गवत्या घ्यायचा असेल तर चार इंचांहून लहान बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, घेण्यात अर्थ नाही. मोठा झालेला मासा मात्र उबदार पाण्यात दिवसाला स्वतःच्या वजनाइतका ओला पाला संपवतो, कधी जास्तही. अर्धा-अर्धा किलोचे तीनशे-साडेतीनशे गवत्ये हेक्टरभर हायड्रिला महिन्याभरात साफ करतात. गुंठ्याच्या हिशेबात तीन-चार मासे. जलकुंभीला तो तोंड लावत नाही, कमळाला नाही, काठावरच्या बेशरमला तर नाहीच. ही तिन्ही माणसांनीच उपटायची.

आता तळं आणखी हिरवं का होतं. पाला खाणाऱ्या मानाने गवत्याचं आतडं आखूड असतं, शरीराच्या दोन-तीन पट. खाल्लेल्यापैकी जवळपास अर्धं न पचता बाहेर पडतं. सकाळी काठावर उभं राहिलं तर पाण्यात हिरवट, रेषाळ लेंड्या तरंगताना दिसतात. त्या कुजल्या की पाण्याला खत मिळतं, तेही रोज आणि बारीक करून. त्यातच जी हायड्रिला ते खत शोषून घेत होती तीही संपलेली असते. मग ते खत कोण वापरणार? पाण्यात तरंगणारा शेवाळ. थोडक्यात गवत्या म्हणजे पाण्यात सोडलेलं जनावर आहे आणि तो शेण टाकतो. गोठ्यामागे उकिरडा असतोच.

त्या उकिरड्यावर जगणारा मासा म्हणजे चंदेरा. याला दात नाहीत म्हटलं तरी चालेल. याच्या कल्ल्यांच्या आत स्पंजसारखी जाळी असते. पाणी तोंडातून आत, कल्ल्यातून बाहेर, आणि जाळीत अडकलेले शेवाळाचे कण पोटात. मैद्याच्या चाळणीसारखं काम. चाळणीच्या भोकांतून निसटतील इतके बारीक कण मात्र पाण्यातच राहतात. त्यामुळे चंदेरा सोडला की पाणी विहिरीसारखं नितळ होईल ही अपेक्षा ठेवू नका. मोठ्या कणांचा शेवाळ कमी होतो आणि त्याची जागा थोडीफार बारीक शेवाळ घेतो. पाणी दाट हिरव्यावरून फिक्या पोपटीवर येतं, आणि मत्स्यतळ्याला तेच हवं असतं. पाण्यावर हिरवा ऑइलपेंट सांडल्यासारखा थर येतो त्या निळ्या-हिरव्या शेवाळावर त्याच्या भरवशावर बसू नये. चंदेरा तो थर गिळतो, पण त्यातला बराचसा न पचता, जिवंतच बाहेर टाकतो.

धाग्याच्या शेवाळाला दोघांचाही फारसा उपयोग नाही, आणि फसगत इथेच जास्त होते. चंदेऱ्याला धागा खाताच येत नाही. गवत्या खातो, पण दुसरं काही नसेल तर. कोवळा पाला समोर असेल तर ढुंकून पाहत नाही. हे शेवाळ बुडापासून सुरू होतं, जिथे पाणी उथळ आणि नितळ असून ऊन तळापर्यंत पोचतं. बोअरच्या पाण्याने हात-दीड हात भरून ठेवलेल्या प्लास्टिकच्या शेततळ्यात ते हमखास येतं. दुपारी त्यात प्राणवायूचे बुडबुडे अडकतात आणि अख्खी गोधडी वर येते. ती वर आलेली असतानाच काढायची. लांब बांबूच्या टोकाला चार-पाच खिळे ठोका, गोधडीत खुपसा आणि फिरवत जा. दोरा रिळावर गुंडाळावा तशी ती बांबूवर येते. काढलेला ढीग काठावर टाकू नका, पहिल्या पावसात त्याचा रस परत तळ्यात जातो. फळझाडाच्या आळ्यात आच्छादन म्हणून टाकला तर कामीही येतो. त्यानंतर पाणी दीड-दोन मीटरपर्यंत वाढवा. वर हलका पोपटी रंग आला की ऊन बुडापर्यंत जात नाही आणि धागा पुन्हा धरत नाही. म्हणजे एका हिरव्यावर दुसरा हिरवा हाच इलाज.

प्लास्टिकवर जो बुळबुळीत थर बसतो, ज्यावरून पाय घसरून माणसं आणि जनावरं आत जातात, तो चौथा प्रकार. तो खरवडून खाण्यात या दोघांपेक्षा रोहू बरा.

बोटुकली विकत घेताना दोन्ही एकाच हंड्यात दिसली तर ओळखायचं कसं? चंदेऱ्याचे डोळे विचित्र खाली असतात, जणू कुणी तोंडाच्या रेषेखाली सरकवले. तोंड वर वळलेलं, खवले इतके बारीक की हाताला गुळगुळीत लागतात, आणि गळ्यापासून गुदद्वारापर्यंत पोटाला धार असते. बोट फिरवलं की कळते. गवत्याचं अंग लाटण्यासारखं गोलसर, पोट धारेविना, खवले मोठे आणि प्रत्येकाला काळसर किनार. गवत्याचा गोंधळ खरं तर मृगळाशी होतो, तोही लांबट म्हणून. मृगळाच्या पाठीचा पर लांब आणि उंच, गवत्याचा आखूड. हंडा हलवला की जो आधी उडी मारतो तो चंदेरा.

तो उडी मारतो म्हणूनच त्याला हाताळायला वेगळी काळजी लागते. खवले लवकर गळतात आणि तिथे बुरशी धरते. ऑक्सिजनची पिशवी पहाटे आणा, उन्हाच्या आत. आणल्यावर ती बंदच तळ्यात १५-२० मिनिटं तरंगत ठेवा, मग तोंड उघडून तळ्याचं पाणी थोडं थोडं आत घ्या आणि मासे आपणहून बाहेर जाऊ द्या. घाईत ओतलेले चंदेरे दुसऱ्या दिवशी पांढऱ्या पोटाने वर दिसतात आणि दोष बीज देणाऱ्यावर जातो.

किती सोडायचे? मिश्र मत्स्यशेतीत हेक्टरी ५,००० बोटुकली धरतात, म्हणजे गुंठ्याला पन्नासेक. ३० बाय ३० मीटरचं शेततळं म्हणजे साधारण नऊ गुंठे, साडेचारशे मासे. त्यात रोहू १८०, मृगळ ९०, कटला ७०, चंदेरा ७०, गवत्या ४० असा मेळ बसतो. कटला आणि चंदेरा दोघंही वरच्या थरात चरतात. कटला मुख्यतः सूक्ष्म प्राणी खातो, तरी चंदेरा जास्त झाला की कटल्याची वाढ मार खाते. हिमाचलमधल्या गोविंदसागर जलाशयात १९७१ च्या सुमारास चंदेरा चुकून शिरला आणि पुढे कटला मागे पडला. बाजारात कटल्याला भाव जास्त आणि चंदेऱ्याला कमी, कारण चंदेरा पाण्याबाहेर काढला की लगेच मरतो, काटे पुष्कळ, आणि उन्हात पोट लवकर मऊ पडतं. म्हणून विक्रीसाठी नको, पाण्यासाठी हवा तेवढाच ठेवा. काढलात तर त्याच सकाळी विका.

गवत्या ४० पेक्षा जास्त तेव्हाच, जेव्हा चारा घालायची तयारी आहे. प्लास्टिकच्या तळ्यात त्याला खायला काहीच नसतं. बांबूची चौकट पाण्यावर बांधा आणि नेपिअर, बरसीम किंवा बांधावरचं कोवळं गवत कापून त्यात टाका. उरलेलं दुसऱ्या दिवशी काढा, नाहीतर तेच कुजतं. पऱ्हाटीतलं किंवा तुरीतलं फवारलेलं तण चुकूनही नको. कीटकनाशकाला मासे जनावरांपेक्षा कितीतरी आधी बळी पडतात. एक किलो मासा वाढायला तीसचाळीस किलो ओला पाला लागतो, तेव्हा गवत फुकट असलं तरी मजुरी फुकट नाही हे धरून चाला.

पाणी किती हिरवं चालेल याला साधा मापदंड हाताचा. काठावर ओणवं होऊन हात सरळ पाण्यात घाला. कोपर बुडताना तळवा जेमतेम दिसत असेल तर ठीक. मनगट बुडताच तळवा गायब झाला तर शेवाळ फार दाट आहे: शेणखत बंद करा, पूरक खाद्य निम्म्यावर आणा आणि शक्य असेल तर बुडाकडचं पाणी पिकाला देऊन ताजं भरा. दाट शेवाळ दिवसा प्राणवायू देतो आणि रात्री तोच ओढून घेतो. श्रावणात तीन-चार दिवस ऊन पडलं नाही की पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात, आणि त्यात चंदेरा सगळ्यांत आधी मरतो. तेव्हा पंप लावून तळ्याचंच पाणी उंचावरून तळ्यात पाडा, सूर्य वर येईपर्यंत. मोरचूद टाकून एका दिवसात शेवाळ मारण्याचा सल्ला गावोगावी मिळतो. सगळा शेवाळ एकदम मेला की तो कुजताना उरलेला प्राणवायूही जातो, आणि मोरचूद स्वतःही माशाला विष आहे. मासे असलेल्या तळ्यात तो मार्गच नाही.

दोन्ही मासे तळ्यात अंडी घालून वाढत नाहीत. त्यांना वाहत्या नदीचं पाणी लागतं, आणि आपल्याकडे मिळणारं बीज संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन काढलेलं असतं. त्यामुळे तळं भरून जाईल ही भीती नको, पण दर काही वर्षांनी बीज पुन्हा आणावं लागतं. पावसाळ्यात गवत्या वाहत्या पाण्याकडे ओढला जातो. सांडव्याला जाळी नसेल तर तो शेजारच्या धानाच्या बांधीत पोचतो आणि रोवणी खातो.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या मामा तलावांत, म्हणजे जुन्या माजी मालगुजारी तलावांत, गवत्या सोडण्याला आमचा स्पष्ट नकार आहे. तिथली पाण्याखालची वनस्पती ही घाण नाही. स्थानिक मासे तिच्यातच अंडी घालतात, पिल्लं तिच्यातच लपतात आणि पाणपक्षी तिच्यावर पोसले जातात. तलावातली बेशरम काढून या वनस्पती परत लावण्यासाठी पूर्व विदर्भातल्या ढिवर या मासेमार समाजातल्या बायकांनी गाळात उभं राहून काम केलं आहे. तिथे हजार गवत्ये सोडले तर वर्षभरात ते सगळं साफ होईल आणि उरेल गढूळ हिरवं पाणी. शेततळं बंदिस्त आहे, तलाव नाही.

आणि संत्र्याच्या बागेतलं ठिबक? वरूड-मोर्शीकडे चंदेऱ्याची मागणी बऱ्याचदा ठिबकचे ड्रिपर बुजतात म्हणून येते. चंदेऱ्याने शेवाळ कमी होतो, पण जो बारीक कण त्याच्या चाळणीतून सुटतो तोच ड्रिपरच्या वाटेत साचतो, वर माशाच्या विष्ठेची भर. तिथे वाळूचा फिल्टर आणि त्यामागे डिस्क फिल्टर लागतोच. पंपाचं फूटव्हॉल्व्ह बुडाशी किंवा पृष्ठभागाशी न ठेवता ड्रमला बांधून अर्धा-पाऊण मीटर खोल लटकवा, आणि फिल्टरच्या आधीच्या व नंतरच्या दाबात फरक वाढला की उलट्या प्रवाहाने वाळू धुवा. हिरव्या पाण्याच्या दिवसांत हे रोज करावं लागतं.